गोल्फसाठी उन्हाळ्यात कुठल्या कापडाचा शर्ट? कॉटन, ड्राय-फिट की अजून काही?

खारघरी_बोगी

मंडळी, एक अगदी साधा प्रश्न आहे पण जितक्यांना विचारावं तितकी उत्तरं मिळतायत म्हणून इथे टाकतोय. मी खारघर व्हॅलीला खेळतो, जमेल तसं शनिवार-रविवार. हिवाळ्यात काही वाटत नाही पण एप्रिल-मे आला की सकाळी साडेसहाला टी-ऑफ केलं तरी नऊच्या आत शर्ट पाठीला असा चिकटतो की बॅकस्विंगला खांद्यावर ओढ बसते आणि लक्ष बॉलवर कमी आणि शर्टावर जास्त. वर कॉलर कंपल्सरी, शर्ट खोचलेला कंपल्सरी, त्यामुळे कमरेचा पट्टा तर कायम ओलाचिंब.

सध्या माझ्याकडे आहेत ते साधे कॉटनचे पोलो, ते जाळी-जाळीसारखं कापड असतं ना ते. बरोबरचा एक जण म्हणतो कॉटन टाकून दे, पॉलिएस्टरच घ्यायचं, सगळे प्रो तेच घालतात. घरून ऐकायला मिळतं की पॉलिएस्टरला वास येतो आणि घामोळं उठतं (हे खरंय, मला मानेवर उठतं). दुकानदार म्हणतो बांबू घ्या. बांबूची किंमत बघून मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

अधूनमधून ऑफिसच्या लोकांबरोबर पुण्याला लवळ्याच्या कोर्सवर पण जाणं होतं. तर दोन्हीकडे चालेल असं काही आहे का? ब्रँड नका सांगू हो, कापड सांगा. ब्रँड मी माझ्या खिशाप्रमाणे बघीन.

पटकन_पटर

ड्राय-फिट (लवकर वाळणारं स्पोर्ट्सचं पॉलिएस्टर) घ्या, विषय संपला. कॉटन म्हणजे अंगावर ओला टॉवेल.

येरवडा_सकाळ

विषय इतक्यात संपत नसतो, पटकनराव. मी येरवड्याला गेली कैक वर्षं कॉटनमध्ये खेळतोय, आता वय सत्तरीकडे चाललंय, अजून अठरा होल चालत करतो, कार्ट घेत नाही. एप्रिलमध्ये पुण्यात पारा अडतीस-चाळीसला जातो, तेव्हा सैल सुती अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो, तो घामाने ओला होतो आणि जरा वारा आला की असा गार लागतो की विचारू नका. आमच्याकडचे कॅडी, म्हणजे बॅग वाहणारे, तर पंचा भिजवून मानेला गुंडाळतात, त्यांना कुणी ड्राय-फिट शिकवायला गेलं नव्हतं. त्या प्लास्टिकच्या शर्टात मला गुदमरायला होतं. एकदा मुलीने वाढदिवसाला दिला होता, तो आता गाडी पुसायला आहे (तिला सांगू नका).

आणि पिकेचा पोलो, ज्याला तुम्ही जाळी-जाळी म्हणताय, तो मुळात टेनिसवाल्यांचा. टेनिसपटू लाकोस्तने १९३३ मध्ये बाजारात आणला, गोल्फवाल्यांनी नंतर उचलला. त्याआधी लोक टाय आणि ट्वीडचं जाकीट घालून खेळायचे, ते मेले नाहीत.

पटकन_पटर

ते स्कॉटलंडमध्ये खेळायचे काका :))

धागेदोरे

टेक्स्टाइलवाला आहे, शिकलो इचलकरंजीत, सध्या तिरुपूरला निटिंगमध्ये, दिवसभर हेच कापड बघतो म्हणून जरा लांबण लावणार आहे, माफ करा.

येरवडाकाका आणि पटर दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि भांडण कापडाचं नाहीच, हवेचं आहे. घाम आला म्हणून आपण गार होत नाही, घाम वाळला की गार होतो. एक लिटर घाम वाळायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, ती अंगातून जाते. नुसता ठिबकून गवतावर पडला तर काही उपयोग नाही, तेवढं पाणी फुकट गेलं. आता पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा खडखडीत कोरडी असते, तिथे ओलं सुती कापडसुद्धा भराभर वाळत राहतं आणि काकांना कूलर लागल्यासारखं होतं. नागपूर-अकोल्याकडे तर अजूनच. पण मे महिन्यात खारघरला तापमान बघाल तर तेहतीस-चौतीसच असतं, पुण्यापेक्षा कमी, आणि तरी जीव जास्त जातो कारण हवेत आधीच पाणी भरलंय, घामाला जायला जागाच नाही. तिथे सुती शर्ट ओला होतो आणि ओलाच राहतो.

आता धागा. कॉटनच्या धाग्याला पाणी आवडतं, ते धाग्याच्या आत शिरतं, धागा फुगतो. लॅबच्या ठरलेल्या हवेत (६५ टक्के आर्द्रता) कोरडं दिसणारं कॉटनसुद्धा वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून असतं, लिनन बारा टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर फक्त ०.४. म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी शिरतच नाही, ते धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, आणि पातळ थर होऊन बाहेरच्या बाजूने वाळतं. म्हणून ते लवकर सुकतं. पण हे कुठलं पॉलिएस्टर? साधं, जाड, गुळगुळीत पॉलिएस्टर घ्याल तर ते वात पण नाही आणि हवा पण जाऊ देत नाही, त्यात काका म्हणतात तसं गुदमरतंच. चांगल्या स्पोर्ट्स कापडात धागा अगदी बारीक असतो किंवा त्याला खाचा पाडलेल्या असतात म्हणजे पाणी खाचांतून पळतं. स्वस्त मालात हे काम नुसत्या केमिकल फिनिशवर भागवतात, आणि ते फिनिश धुण्यात हळूहळू जातं. मग लोक म्हणतात पहिल्या महिन्यात छान होता, आता नाही.

खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात लेबलवर कॉटन की पॉलिएस्टर यावर जेवढी चर्चा होते तेवढी जीएसएमवर होत नाही आणि उन्हाळ्यात तेच जास्त महत्त्वाचं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. बाजारात मिळणारे पिके पोलो बहुतेक २०० ते २२० चे असतात कारण हाताला जाड लागलं की गिऱ्हाइकाला माल दणकट वाटतो. उन्हाळ्यात खेळायला १२० ते १५० बघा. लेबलवर लिहिलेलं नसतं सहसा, दुकानदाराला विचारलं तर तो तुमच्याकडे बघतच राहील, त्यापेक्षा शर्ट हातात घेऊन वजन बघा, नाहीतर घरी आणल्यावर किचनच्या काट्यावर ठेवा, मीडियम साइजचा हलका पोलो दोनशे ग्रॅमच्या आत यायला हवा. परत करायची मुदत असतेच.

दुकानात अजून दोन गोष्टी करता येतात. कापड ट्यूबलाइटसमोर धरा, बारीक छिद्रं दिसली पाहिजेत, आणि तोंडाला लावून फुंकून बघा, फुंक पलीकडे हाताला लागली तर हवा जाते. घरी आल्यावर आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. गोळी होऊन बसला तर तो शर्ट घाम शोषणार नाही, दोन-तीन सेकंदांत पसरला तर चांगला.

खारघरी, तुमच्यासाठी पॉलिएस्टर किंवा नायलॉन, १३०-१४० च्या आसपास, आतून जरा खडबडीत विणीचा, चार-पाच टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा). त्याहून जास्त इलास्टेन नको, शर्ट अंगाला आवळून बसतो आणि मधली हवा खेळायचीच बंद होते. खांद्याला ओढ बसते म्हणालात ना, त्यात चिकटण्याचा भाग आहेच पण शिवणीचा पण आहे. रॅग्लन बाही बघा, म्हणजे शिवण खांद्याच्या टोकावर न येता कॉलरपासून काखेपर्यंत तिरपी जाते. आणि साइज अंगाबरोबर नको, जरा सैल. स्विंग करताना सैल कापड हलतं आणि आतली दमट हवा बाहेर ढकलतं, हा पंखा फुकटचा आहे.

लवळ्याला जाताना तुमचे कॉटनवालेच न्या. आत्ता आहेत ते टाकून देऊ नका.

येरवडा_सकाळ

म्हणजे मी बरोबर होतो.

पटकन_पटर

काका पूर्ण वाचा. पुण्यात बरोबर.

कैरीचं_पन्हं

वासाबद्दल कुणीच बोललं नाही अजून म्हणून लिहिते. मी चेंबूरला खेळते, म्हणजे खारघरीचंच हवामान. पॉलिएस्टरला वास येतो हे अगदी खरं आहे, घामातलं तेल त्या धाग्याला धरून राहतं आणि त्यावर जंतू वाढतात, कॉटनमध्ये तेवढं होत नाही. पण निम्म्या घरांत हा वास धुण्याच्या पद्धतीमुळे वाढतो. ओला शर्ट गोल्फ बॅगच्या खिशात कोंबून गाडीच्या डिकीत संध्याकाळपर्यंत ठेवायचा आणि मग म्हणायचं वास येतो! घरी आल्या आल्या पाण्यातून काढून वाळत घाला, मशीनला लावायचा तेव्हा लावा. आणि ते सुगंधी कंडिशनर अजिबात घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि धागेदोरे म्हणतात ती वात बंद पडते. थेंब गोळी होऊन बसायला लागला की समजा. आमच्याकडे बाई कपडे धुते तर मी स्पोर्ट्सचे कपडे वेगळ्या बादलीत ठेवते, नाहीतर सगळ्याला सरसकट कंडिशनर. वास बसलाच असेल तर धुवायच्या आधी अर्धा तास पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवा, बराच जातो. कडक इस्त्री पण नको.

दुसरं ऊन. शर्ट गार आहे की नाही हे सगळे बघतात, ऊन किती आत येतं हे कुणी बघत नाही. पातळ पांढरा सुती टी-शर्ट घातला की आपल्याला वाटतं झाकलंय, पण त्याचा यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) पाच-सातच्या आसपास असतो, आणि ओला झाला की अजून कमी. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एकच भाग आत येतो, दोन टक्के. पॉलिएस्टर मुळातच यूव्ही अडवण्यात कॉटनपेक्षा बरं असतं. आमच्या ग्रुपमधल्या बायका आता सरळ पूर्ण बाह्यांचे पातळ यूपीएफवाले घालतात, किंवा अर्ध्या बाह्यांवर वेगळ्या स्लीव्ह्ज. सुरुवातीला मला वाटायचं पूर्ण बाह्या म्हणजे जास्त गरम, पण कोवळं ऊन संपल्यावर उलटंच वाटतं, कातडीवर थेट ऊन बसत नाही त्यामुळे. पुरुष मंडळी हे घालायला का लाजतात माहीत नाही, कोपरापासून खाली कॉफी आणि वर दूध असे हात घेऊन फिरतात.

कॉलरच्या बाबतीत मात्र आमची चैन आहे, बऱ्याच क्लबांत बायकांना कॉलर असेल तर स्लीव्हलेस चालतं आणि खोचायची पण सक्ती नसते. तुम्ही बसा पट्टा पिळत.

वाळूत_बॉल

दुबईहून. आमच्याकडे दोन्ही प्रकारचं हवामान एकाच गावात मिळतं, मेमध्ये कोरडी भट्टी आणि ऑगस्टमध्ये समुद्रावरून दमट, रात्री पण चष्म्यावर वाफ धरते. उन्हाळ्यात आम्ही दिवसा खेळतच नाही, इथे एमिरेट्स क्लबचा फाल्डो कोर्स फ्लडलाइटमध्ये चालतो, ऑफिस सुटल्यावर जातो. ऊन नाही म्हणून रंग-यूपीएफ कशाचाच प्रश्न नाही, फक्त घाम. तिथे कॉटनवाला माणूस तिसऱ्या होलला ओळखू येतो.

माझा उपाय कापडाचा नाहीच, बॅगेत दुसरा शर्ट ठेवायचा आणि नऊ होल झाले की बदलायचा. कुठलंही कापड दोन तासांनी थकतंच. हलका पॉलिएस्टर शर्ट मुठीत मावतो, वजन काय होतंय.

रंगाबद्दल एक गंमत, इथे लोक विचारतात की वाळवंटातले बेदुईन अरब काळे झगे का घालतात. यावर १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात चक्क एक शोधनिबंध आला होता, त्यात असं दिसलं की काळ्या झग्यात आणि पांढऱ्या झग्यात माणसाच्या अंगापर्यंत उष्णता सारखीच पोचत होती, काळं कापड जास्त तापायचं पण ती जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आतच निघून जायची कारण झगा सैल. अंगाला चिकटलेल्या पोलोला हे लागू नाही, तो काळा असेल तर भाजणारच. म्हणून दिवसा खेळणाऱ्यांनी फिकट रंग. पण राखाडी नको! फिकट राखाडीवर घामाचा नकाशा उमटतो, पांढरा, नेव्ही किंवा बारीक प्रिंट असेल तर दिसत नाही.

आणि शर्ट शर्ट करताना पाणी विसरू नका. टोकियो ऑलिंपिकला (२०२१ मध्ये झालं ते, पुण्याचा उदयन माने पण होता आपल्याकडून) बायकांच्या मॅचमध्ये एका कॅडीला उष्णतेने मधेच बॅग सोडावी लागली होती. ती सगळी फिट माणसं हो.

खारघरी_बोगी

अरे वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. किचन काट्यावर आत्ताच ठेवून आलो, माझा पोलो २७० ग्रॅम भरला, बायको विचारतेय काय चाललंय.

तीन शंका आहेत. एक, बांबूचं खरंच काही आहे का? दोन, आत बनियन घालावा की नको, मला सवय आहे, नाही घातला तर उघडं उघडं वाटतं. तीन, घामोळ्याचं काय, कॉलरच्या आतच उठतं. कॉलर टाळायला ते मॉक नेक म्हणतात ते, उभ्या पट्टीच्या गळ्याचं, चालेल का, टायगर वूड्स घालायचा ते?

धागेदोरे

बांबू. बाजारात बांबू म्हणून जे मऊ, सुळसुळीत कापड येतं ते जवळपास सगळं व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा केमिकलमध्ये विरघळवून त्यातून धागा ओढतात, लाकडाच्या लगद्याचं व्हिस्कोस करतात तसंच. वाईट नाही, हाताला गार लागतं, अंगाला मऊ. पण व्हिस्कोस कॉटनपेक्षाही जास्त पाणी पितं, वर ओलं झालं की धागा कमजोर होतो आणि शर्ट लोंबायला लागतो. घरात घालायला, झोपायला मस्त. चार तास खारघरला नको. दुकानदाराचं मार्जिन तिथे चांगलं असणार.

बनियन. नेहमीचा सुती बनियन आत घातलात तर वरचा शर्ट कितीही भारी घ्या, पैसे वाया, घाम बनियनमध्येच अडकून बसला. घालायचाच असेल तर जुना जाळीचा बनियन घाला, मोठ्या भोकांचा, आजोबा लोक घालायचे तो. हसू नका, तो ओला शर्ट पाठीपासून जरा लांब धरतो आणि मध्ये हवा राहते. उन्हाळ्यात सीअरसकरचं चुरगळलेलं कापड लोकांना आवडतं ते याच कारणाने, ते सगळीकडून अंगाला टेकत नाही. पिकेची वीण पण मुळात तशीच खडबडीत, म्हणून कॉटन पिके वाईट कापड नाहीच, फक्त २२० जीएसएमचं घेतलं की फायदा गेला. पांढऱ्या पातळ पोलोतून जाळी दिसेल मात्र, ते तुम्ही ठरवा.

मॉक नेक टायगरने २००५ च्या मास्टर्स स्पर्धेला घातला होता आणि बऱ्याच ठिकाणी चालतो, पण आपल्याकडे क्लबाक्लबाचा नियम वेगळा, आधी विचारून घ्या. आणि घामोळ्याला तो अजून वाईट, मानेला सगळीकडून कापड. त्यापेक्षा कॉलर कुठली आहे ते बघा. बऱ्याच स्पोर्ट्स पोलोत अंग पातळ असतं आणि कॉलर मात्र जाड रिबची, ती भिजून मानेवर घासते. कॉलर पण अंगाच्याच कापडाची असलेला मिळतो, थोडं शोधावं लागतं. मागची शिवण पट्टी लावून झाकलेली हवी. लेबल कापून टाका, मुळापासून, अर्धवट कापलं की टोचतं.

येरवडा_सकाळ

धागेदोरे, तुमचं पटलं, पण एक विचारतो. हातमागाच्या पातळ खादीचा शर्ट तुमच्या हिशोबात कुठे बसतो? मला सगळ्यात बरा तोच वाटतो, खळ न घातलेला.

धागेदोरे

हवा जाण्यात पहिला नंबर काका. हातसुताला पीळ कमी, वीण सैल, हवा आरपार. पण ते मागावर विणलेलं कापड, होजिअरीसारखं ताणत नाही, पाठीत ढिलाई हवी. शिंप्याला सांगून पाठीला दोन्ही खांद्यांपाशी चुणी घ्या. आणि पुण्यातच घाला :)

येरवडा_सकाळ

चुणी आहे. आमचा शिंपी शहाणा आहे.

कैरीचं_पन्हं

घामोळ्याला: शर्टाच्या आत पावडर थापू नका, घाम आला की तिचा लगदा होतो आणि अजून खाजतं. राउंड झाली की साध्या पाण्याने मान धुवा आणि कोरडी करा, नंतर काय लावायचं ते लावा.

आणि विषयाबाहेरचं पण लिहितेच, शर्टापेक्षा ग्लव्हने माझे जास्त शॉट घालवलेत. चामड्याचा ग्लव्ह भिजला की ग्रिप फिरते. दोन-तीन ठेवा आणि आलटून पालटून बॅगला बाहेर लटकवून वाळवा. पावसाळी ग्लव्ह मिळतात, भिजल्यावर उलट जास्त पकडतात, मुंबईच्या मेमध्ये पण मी तेच वापरते.

वाळूत_बॉल

+१ ग्लव्हला. इथे ऑगस्टमध्ये सगळे तेच.

खारघरी_बोगी

ठरलं मग. दोन हलके पॉलिएस्टर, पांढरा आणि नेव्ही, एक बॅगेत. २७० ग्रॅमवाले लवळ्याला आणि हिवाळ्याला. जाळीच्या बनियनचं घरी कळलं तर माझं काही खरं नाही पण एक आणून बघतो. उद्या संध्याकाळी दुकानात जातोय, फुंकर मारताना कुणी बघितलं तर तुमची नावं सांगीन.

कैरीचं_पन्हं

घेण्याआधी ट्रायल रूममध्ये शर्ट खोचून पूर्ण बॅकस्विंग करून बघा. हात वर गेल्यावर कमरेतून शर्ट बाहेर आला तर लांबी कमी आहे, दर होलला खोचत बसाल. आरशाकडे पाठ करून करा, क्लब नको, नुसते हात.